सत्त्याण्णवपर्यंत

१

ही गोष्ट अक्षरन् अक्षर खरी आहे. माझ्या छिन्नीची शपथ. छिन्नीवर माझं पोट आहे, तेव्हा शपथ हलकी समजू नका. गोष्ट मंगळवारी सुरू झाली. बुधवारही असेल. लख्ख ऊन पडलं होतं. निदान मी तसं सांगतो, कारण उन्हात घडलेली गोष्ट लोकांना चटकन पटते. खरं म्हणजे आभाळ भरलेलं होतं.

आमच्या चहाच्या टपरीवरची मंडळी म्हणतात, हा 'उजाडलं' म्हणाला तरी खिडकी उघडून बघून यावं. त्यांचंही चुकत नाही. मी घडवलेल्या दगडी कुत्र्यावर एक खरा कुत्रा रोज येऊन भुंकतो, ही थाप मीच सोडलेली. दोन वर्षांनी एका अनोळखी माणसाने ती मलाच रंगवून सांगितली आणि मी तोंडाचा आ करून "खरंच?" म्हणालो. तर असा मी. या गोष्टीत मात्र थाप एकच आहे. कुठली, ते शेवटी सांगतो. तोवर बाकी सगळं खरं धरून चाला.

मी थडग्यांवरची अक्षरं कोरतो. नवीन कोरतो आणि जुनी झिजलेली उकरून खोल करतो. हे काम मला मामाने शिकवलं आणि त्यासोबत एक सवय लावली. अक्षर आधी तोंडाने मोठ्याने म्हणायचं, मगच घाव घालायचा. मनातल्या मनात वाचणारा माणूस अक्षर गाळतो, आणि दगडावर गाळलेलं अक्षर पुढची शंभर वर्षं तुमच्याकडे बघत राहतं. त्यामुळे मी काम करताना लांबून बडबड्या वाटतो. जवळ आलात तर कळतं, मी कुणाच्या तरी आजीचं नाव सुटं सुटं करून म्हणतोय.

घरी मी आणि बायको. दोन वर्षांपूर्वीपर्यंत मुंगीही होती. सहा वर्षांची आमची मुलगी. नाव वेगळं होतं, पण कुठल्याही फटीत मावायची म्हणून मुंगी. तापाने गेली, तीन दिवसांत.

तिचा दगड मागच्या शेडमध्ये दाराआड उभा आहे. चांगला दगड आहे, मी स्वतः निवडून आणला, घासून आरशासारखा केला. त्यावर काहीही कोरलेलं नाही. बायको रोज सकाळी चहाचा कप पुढे ठेवते आणि विचारते, "आज कोराल?"

"आज जरा दुसरं काम आहे."

"बरं," ती म्हणते.

दोन वर्षं एवढंच बोलणं. ती रागावत नाही. मीही रागावत नाही. लोकांच्या मुलांची नावं मी या काळात अकरा वेळा कोरली. एकाही अक्षराला हात चुकला नाही.

२

जुन्या दफनभूमीची देखभाल करणारी एक संस्था आहे. तिथल्या प्रमुख बाईंना सगळे मॅडम म्हणतात. काखेत फाइल, गळ्यात चष्मा, आणि बोलणं मोजकं.

"मिस्त्री, एकच नियम," त्या चालता चालता म्हणाल्या. "आहे तेवढंच खोल करायचं. नवीन एक रेघही मारायची नाही. दगड दोनशे वर्षांचा आहे."

"मॅडम, मी गोष्टी वाढवतो. दगड नाही वाढवत."

त्या हसल्या नाहीत. मला तो दगड दाखवून निघून गेल्या.

कमरेच्या जरा वर येईल एवढा राखी दगड. त्यावर नाव नाही, तारीख नाही, फूल नाही, पंखवाली बाई नाही. पुढच्या अंगाला नुसते आकडे. एका ओळीत दहा, अशा नऊ ओळी, आणि दहाव्या ओळीत सात. एकपासून सत्त्याण्णवपर्यंत. उरलेल्या तीन आकड्यांची जागा रिकामी होती, पण विसरून राहिलेली नव्हती. ती घासून गुळगुळीत केलेली होती आणि तिच्यावर आकडे सरळ यावेत म्हणून आखलेल्या केसाएवढ्या दोन रेघा अजून दिसत होत्या. आम्ही कोरण्याआधी आखतो, तशाच.

मागे गेलो. मागच्या अंगाला दगडातूनच कोरून काढलेले दोन हात होते, कोपरात दुमडून एकावर एक ठेवलेले, आणि त्यांच्या मधोमध वाटीएवढा खळगा. सगळा दगड खरखरीत, खळगा तेवढा काळा आणि तुळतुळीत. गुडघ्यांवर बसून बघितलं. माझं कपाळ त्यात बरोबर बसलं.

"सगळेच बसून बघतात," मागून आवाज आला. रखवालदार काका होते. सत्तरीचे, हातात झाडू. "काय दिसलं?"

"अंधार."

"मग बरोबर. त्यासाठीच केलाय तो. डोळे झाकून मोजायला."

"मोजायला?"

"लपंडावात. हा दगड ज्यानं कोरला, राज्य त्याच्यावर होतं ना." काकांनी झाडू दगडाला टेकवला. "तुमच्यासारखाच कोरणारा होता. पाच वर्षांची पोर. कारखान्यात खेळत होते दोघं. हा तोंड झाकून मोजतोय, पोर लपली. सत्त्याण्णवला दारात गाडी आली. कुणा मोठ्या माणसाला पुरायची दगडी पेटी न्यायला. हा मोजणं सोडून उठला. चौघांनी झाकण बसवलं, सांधे चुन्याने बुजवले, पेटी गाडीवर चढवली. मग पोरीला हाका मारायला लागला."

"हाका मारल्यावर ओ दिली असेल की तिनं. झाकण बसवतानासुद्धा."

"कशी देईल?" काका माझ्याकडे बघत म्हणाले. "शंभर कुठे झाले होते? शंभर झाल्याशिवाय श्वासाचासुद्धा आवाज करायचा नाही, असं त्यानंच शिकवलेलं. शहाणी पोर होती."

पेटी उघडली तिसऱ्या दिवशी. त्या मोठ्या माणसाला आत ठेवायला. काकांनी हे ज्या आवाजात सांगितलं, त्याच आवाजात पुढे पाण्याचा नळ कुठे आहे तेही सांगितलं.

मला काही वाटलं नाही. मी पिशवी उघडली आणि हत्यारं मांडली.

३

काम सुरू करण्याआधी मी दगडाचा ठसा घेतो. पातळ कागद दगडावर ताणून चिकटवायचा आणि वरून कोळसा घासायचा. कोरलेलं पांढरं राहतं, बाकी काळं होतं. त्या दिवशीही घेतला. सत्त्याण्णव आकडे आणि शेवटी काळी सपाट जागा. घडी घालून पिशवीत ठेवला. हा ठसा लक्षात ठेवा.

ठेंगणं स्टूल घेऊन बसलो, छिन्नी पहिल्या आकड्याच्या खाचेत टेकवली आणि सवयीने म्हणालो, "एक."

मागे वाळक्या पानांतून कुणीतरी पळालं. हलकी पावलं, भराभर, माझ्यापासून लांब जाणारी.

वळून बघितलं. थडगी, पानं, आणि लांबवर काका, पाठमोरे. खार असेल. मी म्हणालो, "दोन."

पहिल्या दिवशी सोळापर्यंत गेलो. मधून मधून सळसळ व्हायची. कधी डावीकडे तुटक्या कुंपणापाशी, कधी मागच्या उंच थडग्यापाशी. दुसऱ्या दिवशी सळसळ कमी झाली. कुणीतरी बसल्या जागी नुसतं सरकल्यासारखं, एखाद-दुसऱ्या वेळी. तिसऱ्या दिवसापासून काहीच नाही.

हे 'काहीच नाही' कसलं होतं, ते सांगणं अवघड आहे. मी आयुष्यभर दफनभूमीत काम केलं आहे. तिथली शांतता मला माहीत आहे. ती रिकामी असते, घरातल्या बंद खोलीसारखी. ही रिकामी नव्हती. खेळात राज्य आपल्यावर असलं की पन्नाशीनंतर घरात जी शांतता होते ना, पडद्याआड कुणीतरी ओठ घट्ट मिटून बसलंय अशी, ती ही होती.

मी स्वतःची समजूत घातली. आकडे मोजायला लागलं की डोक्यात लपंडाव येणारच, आणि काकांनी पहिल्याच दिवशी गोष्ट सांगितलेली. माझ्यासारख्या थापाड्याला एवढं पुरे.

एक्केचाळीसवर हातोडी अंगठ्यावर बसली. मला कळलंच नाही. खाचेत लाल काय साचलंय म्हणून बघितलं, तेव्हा अंगठा दिसला. नख काळं पडलं होतं. मी पाण्याने आकडा धुतला, मग अंगठा धुतला, आणि म्हणालो, "बेचाळीस."

४

त्या संध्याकाळी बायको म्हणाली, "माळ्याचं दार तुम्ही उघडलंत?"

आमच्या स्वयंपाकघरावर बुटका माळा आहे. पाण्याचं जुनं पिंप, मोडकी खुर्ची, गाद्यांच्या खोळी. त्याला फळ्यांचं सरकतं दार आहे. ते वीतभर सरकलेलं होतं.

"नाही."

"मग मीच असेन," ती म्हणाली आणि बंद केलं.

दुसऱ्या दिवशी मोरीखालच्या कपाटाचं दार वीतभर उघडं. त्याच्या दुसऱ्या दिवशी पलंगाखालची ट्रंक वीतभर पुढे आलेली, मागे जागा झालेली. बायकोने फडक्याने ट्रंकेमागची फरशी पुसली आणि फडकं माझ्यापुढे धरलं. पांढरी भुकटी.

"तुमच्या कपड्यांची असेल."

"माझीच असणार. दुसऱ्या कुणाची?"

माझ्या दगडाची धूळ राखी होती. तिलाही ते दिसत होतं. दोघांनी तो विषय तिथेच सोडला. ज्या तीन जागा उघड्या सापडल्या त्या मुंगीच्या लपायच्या जागा होत्या, हाही विषय आम्ही काढला नाही.

मुंगी लपण्यात पटाईत होती. त्याहून पटाईत धप्पा देण्यात. मी शोधत पुढे गेलो की मागून येऊन पाठीवर थाप मारायची. "धप्पा. राज्य परत तुमच्यावर. पुन्हा एकपासून." ओळखायला सोपी. उजव्या पायावर इस्त्रीचा तिकोनी डाग होता आणि हसू दाबताना एका पायावर दुसरा पाय ठेवून बोटं आवळायची. पडद्याखालून पाय दिसले की संपलं.

आता जे मी बायकोला कधी सांगितलं नव्हतं ते सांगतो. ताप आला त्या दिवशी दुपारी आम्ही खेळत होतो. मी स्वयंपाकघराच्या भिंतीला तोंड लावून मोजत होतो. साठ-पासष्टला फोन वाजला. गिऱ्हाईक होतं, आडनावातलं एक अक्षर चुकलं म्हणत होतं. मी बोलत बोलत शेडमध्ये गेलो, कागद काढून बघितले, गिऱ्हाइकाचंच चुकलं होतं हे त्याला पटवलं. बरंच समाधान वाटलं. तिथेच दुसऱ्या कामाला लागलो.

ती माळ्यावर पिंपामागे ओल्या खोळींवर बसून होती. किती वेळ, माहीत नाही. बायको बाहेरून आली तेव्हा तिनेच तिला खाली घेतलं. रात्री अंग तापलं. डॉक्टर म्हणाले, त्याचा याच्याशी काही संबंध नाही, ताप आधीच अंगात असणार. मी मान हलवली.

मी तिला शोधायला गेलोच नव्हतो.

५

सहाव्या दिवशी दुपारी मी शेवटच्या ओळीत होतो. पंच्याण्णव. शहाण्णव. हात लयीत आला होता. तीस वर्षं हे काम केलं की हात डोक्याला विचारत नाही. तोंड म्हणतं, हात कोरतो, डोकं घरी असतं. माझं डोकं माळ्यापाशी होतं. सत्त्याण्णव म्हणालो, कोरलं, फुंकर मारली, छिन्नी पुढे सरकवली. अठ्ठ्याण्णव म्हणालो, कोरलं, फुंकर मारली.

मग हात थांबला.

हे फक्त आमच्या धंद्यातलाच माणूस करू शकतो. दुसरा कुणी आधी बघेल आणि मग कोरेल. मी म्हणालो म्हणून कोरलं. दोन आखलेल्या रेघांच्या मध्ये माझ्या हातचा ताजा आकडा बसला होता, जणू जागा त्याच्यासाठीच राखलेली. दोनशे वर्षांच्या दगडावर.

आणि एक सांगू का, छिन्नीला कोरा दगड लागलाच नव्हता. कोऱ्या दगडावर ती घसरते, आवाज कोरडा येतो. इथे ती आयत्या खाचेत उतरावी तशी उतरली.

काकांना सांगितलं नाही. मॅडमना फोन केला. म्हणालो, "माझ्या हातून मोठी चूक झाली. येऊन बघा."

त्या तासाभरात आल्या. चष्मा लावला, वाकल्या, बोट फिरवत ओळी मोजल्या आणि फाइल उघडली.

"चूक कुठे आहे?"

"शेवटी. मॅडम, हा आकडा नव्हता."

त्यांनी फाइलीतला पिवळा कागद मला दाखवला. जुन्या टाइपाने छापलेली एक ओळ: आकडे एक ते अठ्ठ्याण्णव, शेवटच्या दोन जागा रिकाम्या.

"बरोबर आहे की," त्या म्हणाल्या. "मिस्त्री, तुम्ही दमलाय. उद्या धुऊन, मेण लावून काम संपवा."

त्या गेल्यावर मी पिशवीतला ठसा काढला. सत्त्याण्णव. पुढे काळी सपाट जागा, तिघांना पुरेल एवढी. कागदावरचा कोळसा माझ्या बोटांना लागला.

माझी चूक झाली नव्हती, तर सुटलो म्हणून मोकळा श्वास घ्यायला हवा होता. मला एवढंच जाणवलं की माझ्या पाठीमागची शांतता जवळ आली आहे.

६

सातव्या दिवशी सकाळी बायकोने चहा ठेवला. "आज कोराल?"

"आज ते काम संपतंय."

"कसलं काम आहे ते? सांगितलंच नाहीत."

मी सांगितलं. तो दगड, ती पोर, पेटी, सत्त्याण्णव. माझ्या तोंडून ऐकलेली कुठलीही गोष्ट ती निम्म्याने कमी करून घेते. ही तिने पूर्ण घेतली. कपाची कड बोटाने पुसत बसली.

मग मी तिला फोनचं सांगितलं. गिऱ्हाईक, आडनाव, शेड. दोन वर्षांनी. भाजीत मीठ जास्त पडलं, असं सांगावं तसं सांगून टाकलं.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"कसं?"

"तिनंच सांगितलं. दवाखान्यात. तुम्ही औषधं आणायला खाली गेला होतात." ती उठून ओट्यापाशी गेली, पाठ माझ्याकडे. "मला जवळ बोलावलं आणि कानात विचारलं, बाबांचे शंभर झाले का. मी म्हटलं, होतायत अजून, तू झोप."

नळ ठिबकत होता. तिने तो घट्ट केला.

"मी तिला झाले म्हणायला हवं होतं का हो? हेच मी दोन वर्षं मनात घोळवतेय. झाले म्हटलं असतं तर ती आली असती का बाहेर."

"कुठून बाहेर?"

"मला काय माहीत," ती म्हणाली. "तुम्ही तो दगड कोरत नाही म्हणून मी रोज विचारते असं वाटतं ना तुम्हाला? कोरा असला की मला वाटतं, अजून मोजताय. म्हणून विचारते. कोरलात तर संपेल."

आमच्या डोक्यावर माळ्याचं दार सरकलं. वीतभर. दोघांनीही वर बघितलं नाही.

"जा तुम्ही," बायको म्हणाली. "काम राहिलंय ना तुमचं."

७

दुपारची वेळ होती. ऊनच होतं, आता खरंच सांगतो. काका झाडाखाली डबा खात होते. मी हात वर केला, त्यांनी केला.

दगड धुतला. मेणाचा डबा उघडला आणि परत बंद केला. स्टुलावर बसलो.

माझं डोकं त्या वेळी स्वच्छ चाललं होतं. मी स्वतःला विचारलं, कोण लपलंय? इथे जी लपली ती दोनशे वर्षांपूर्वीची, आणि तिच्या बापाने मोजणं सोडून दिलं. घरी जी लपली तिच्या बापानेही सोडून दिलं. आता मोजतोय मी, ते कुणाचं? राज्य नक्की कुठल्या खेळातलं आहे? आणि मोजून झाल्यावर कोण बाहेर येणार, हे मोजणाऱ्याला आधी कळतं का? कुठल्याच खेळात कळत नाही.

आणि हेही सुचलं की त्या बापाला तीन आकडे कोरवले नाहीत, असं सगळे म्हणतात. पण ज्याला कोरवत नाही तो जागा घासून, रेघा आखून ठेवत नाही. तो माणूस सगळी तयारी करून बसला होता. मग त्याने काहीतरी ऐकलं असणार, किंवा बघितलं.

"नव्व्याण्णव," मी म्हणालो.

छिन्नी पुन्हा तशीच उतरली. दोन नऊ, शेजारी शेजारी, सुबक. आयुष्यात इतके चांगले नऊ मी कोरले नव्हते.

मग हत्यारं हातात घेऊनच मागच्या अंगाला गेलो. गुडघे टेकले, हत्यारं बाजूला ठेवली, दगडी हातांवर माझे हात ठेवले आणि कपाळ खळग्यात टेकवलं. का, ते विचारू नका. मोजताना डोळे झाकायचे असतात.

खळगा कोमट होता. माझ्या आधी आत्ताच कुणीतरी कपाळ उचलल्यासारखा.

कानात माझाच श्वास यायचा आणि जायचा. मी तो रोखला. श्वास यायचा आणि जायचा.

डोळे उघडले. तोंड दगडात, त्यामुळे समोर अंधार. पण माझ्या काखेखालून मागची वीतभर जमीन दिसत होती. तिथे वाळकी पानं होती आणि पानांवर दोन पाय होते. लहान. घोट्यांपर्यंत पांढरे, चुन्यात बुडवून काढल्यासारखे, इतका जाड थर की नखं दिसेनात. एका पायावर दुसरा पाय ठेवलेला. बोटं आवळलेली.

उजवा पाय वर होता. त्यावर डाग होता की नव्हता ते चुन्याखाली होतं. मी खूप वेळ बघितलं. दिसलं नाही.

मी शंभर म्हटलं नाही. जिभेवर होतं, पण म्हटलं नाही. डोळे मिटून हत्यारं चाचपली, उठलो, मागे न बघता फाटकापर्यंत चालत गेलो आणि घरी आलो. मॅडमना फोन करून सांगितलं की काम झालं. त्या म्हणाल्या, "नव्व्याण्णव ना? छान." ती शेवटच्या आकड्याची जागा अजून रिकामी आहे. हवं तर जाऊन बघा.

टपरीवर मी गोष्ट इथे संपवतो. मग एकजण म्हणतो, आज चहा तू पाज.

८

आता थाप कुठली ते सांगतो.

दगड खरा आहे. पिवळा कागद खरा, ठसा खरा, माझ्या बायकोचं बोलणं शब्दन् शब्द खरं. पाय खरे. मी फाटकापर्यंत चालत गेलो, हेही खरं आहे, पण ते नंतर.

'मी शंभर म्हटलं नाही' ही थाप. रिकामी जागा आणि मॅडमचे नव्व्याण्णव तिच्याच शेपटाला. तेवढी एकच.

मी उठलो, पुढच्या अंगाला आलो, शंभर म्हणालो आणि कोरलं. मग छिन्नी खाली ठेवून मोठ्याने म्हणालो, "आलो." काकांनी डब्यातून मान वर करून बघितलं आणि पुन्हा खाली घातली. मी वळणार तोच पाठीवर थाप बसली. लहान तळव्याची. थंड.

धप्पा.

नियम तो नियम. धप्पा बसला की राज्य परत आपल्यावर, पुन्हा एकपासून.

शेडमधला दगड आता कोरा नाही. मी रोज सकाळी थोडं थोडं कोरतो, मोठ्याने म्हणत. काल एकसष्ट झाले. नावाला जागा ठेवलेली नाही. बायको जवळ स्टुलावर बसते आणि मी चुकत नाही ना ते बघते. 'आज कोराल?' विचारणं तिने बंद केलं आहे.

माळ्याचं दार आता दिवसभर वीतभर उघडं असतं. खाली शिडीच्या पहिल्या पायरीवर ती रोज सकाळी एक फडकं ओलं करून, घडी घालून ठेवते. पाय पुसायला. संध्याकाळी फडकं पांढरं झालेलं असतं. ती ते मोरीत पिळते, पाणी बराच वेळ पांढरं येत राहतं, आणि मी दारात उभा राहून विचारतो, "दिसला का डाग?"

"अजून नाही," ती म्हणते. "तुम्ही मोजा."